आधी छेद तपासा : पाणी आणि मैलापाणी सेवेच्या मोजमापाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यातले बहुतेक प्रश्न नगरपरिषदांच्या पाणीपुरवठ्याच्या आकड्यांविषयी आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवा पातळी मानकांची पुस्तिका काढली. पुढे तेराव्या वित्त आयोगाने कामगिरी अनुदानासाठी हे आकडे दरवर्षी राजपत्रात जाहीर करण्याची अट घातली. तेव्हापासून प्रत्येक नगरपरिषद टक्केवारी छापते आहे. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, त्याला अंश असतो आणि छेद असतो. सगळ्यांची नजर अंशावर जाते, आणि गफलत बहुतेक वेळा छेदात होते. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

प्रश्न : आमच्या शहराच्या अहवालात बिनमहसुली पाणी १० टक्के दाखवलंय. मानक २० टक्क्यांचं आहे, म्हणजे कागदावर आम्ही मानकापेक्षाही सरस. पण गावात एकाही घराला मीटर नाही आणि टोकाच्या वस्तीत हंडाभर पाण्यासाठी भांडणं होतात. हा आकडा खरा धरायचा का? (नगरसेविका, सांगली जिल्हा)

उत्तर : धरू नका. बिनमहसुली पाणी म्हणजे उपसलं, पण गळती, चोरी किंवा चुकीच्या मोजणीमुळे ज्याचं बिल होत नाही असं पाणी. मीटर नसताना १० टक्के कुठून येतात ते आधी पाहू. तुमच्या गावासारखं एक गाव उदाहरणाला घेऊ : लोकसंख्या ४०,०००, नळजोडण्या ८,०००. पंपांवरच्या पाटीवर प्रत्येकी ताशी ३०० घनमीटर लिहिलेलं आहे आणि दोन पंप रोज १० तास चालतात. म्हणून लॉगबुकात उपसा ६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ६० लाख लिटर. आता वापर किती? मीटर नाही, मग माणशी १३५ लिटर आणि घरटी पाच माणसं धरली की जोडणीमागे ६७५ लिटर होतात. त्याला ८,००० ने गुणलं की ५.४ एमएलडी. सहातून ५.४ वजा केले की उरतात १० टक्के. या हिशेबात एकही आकडा मोजलेला नाही. पाटीवरचा आकडा कारखान्यातला आहे आणि १३५ लिटर हे मानक आहे. लोकांना किती पाणी मिळायला हवं तो आकडा, मिळालेलं पाणी म्हणून लिहिला गेला आहे.

प्रत्यक्ष मोजायचं तर सुरुवात उपशापासून करा. जलशुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर चांगला फ्लोमीटर असेल तर उत्तम. नसेल, तर जलकुंभ हेच सगळ्यात भरवशाचं माप. टाकीचा आतला व्यास फितीने मोजा आणि आत खांब असतील तर त्यांचं क्षेत्रफळ वजा करा. येणारा आणि जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून २० मिनिटं पातळी पाहा. ती खाली गेली तर एक तर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही किंवा टाकीच गळते. तेवढी घट हिशेबात धरावी लागते. मग येणारा व्हॉल्व्ह उघडा, दोन्ही पंप एकत्र सुरू करा, प्रवाह स्थिर व्हायला पाच मिनिटं द्या आणि ३० मिनिटांत पातळी किती चढते ते मोजा. पातळीचा तरंगता काटा बऱ्याचदा अडकलेला असतो, म्हणून वरून फीत सोडा. चाचणी तीनदा करा.

समजा टाकीचा व्यास २० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर. अर्ध्या तासात पातळी ७५ सेंटिमीटर चढली तर पाणी आलं सुमारे २३५ घनमीटर, म्हणजे ताशी ४७१. पाटीप्रमाणे यायला हवं होतं ६००. दहा तासांचा खरा उपसा झाला ४.७१ एमएलडी. फरक पडतो तो दोन कारणांनी. पंपातलं फिरतं चाक (इम्पेलर) आणि त्याभोवतीच्या वेअर रिंग झिजलेल्या असतात. शिवाय एकाच उर्ध्ववाहिनीवर (पंपापासून टाकीपर्यंतच्या वाहिनीवर) दोन पंप एकत्र लावले की वाहिनीतलं घर्षण वाढतं, आणि एकाच्या दुप्पट पाणी कधीच मिळत नाही. म्हणून एका पंपाची चाचणी घेऊन दोनाने गुणण्याची चूक करू नका. जमलं तर त्याच वेळी पंपगृहाशीही प्रवाह मोजा. पंपाशी जास्त आणि टाकीशी कमी आलं, तर उर्ध्ववाहिनीवरच कुणीतरी जोडणी घेतलेली असते किंवा तिथे मोठी गळती असते.

भाड्याने आणलेला, पाइपला बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर इथे कामाला येतो, पण त्याच्या अटी पाळल्या तरच. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी हवी. पाइप पूर्ण भरलेला हवा. पाइपची जाडी आणि आतलं सिमेंटचं अस्तर खरं मोजून यंत्रात भरायला हवं. जुन्या बिडाच्या पाइपला आतून गंजाचे थर असतात. त्यामुळे खरा व्यास कमी होतो आणि यंत्र जास्त पाणी दाखवतं.

आता वापर. सगळ्या गावाला मीटर बसेपर्यंत थांबू नका, १०० जोडण्यांवर चाचणी मीटर बसवा. मात्र त्या जोडण्या चिठ्ठ्या टाकून निवडा. उंचावरची घरं, टोकाची गल्ली, अपार्टमेंट, झोपडपट्टी, दुकानं असे गट पाडा आणि प्रत्येक गटातून त्याच्या संख्येच्या प्रमाणात घ्या. कार्यालयाजवळच्या शंभर घरांवर मीटर लावणं सोयीचं असतं, पण तिथे दाब नेहमीच चांगला असतो. किमान चार आठवडे नोंदी घ्या. पाणी सोडल्यावर आधी पाइपातली हवा बाहेर येते आणि हवेनेही मीटर फिरतो, म्हणून वितरणवाहिनीवर उंच ठिकाणी एअर व्हॉल्व्ह चालू आहेत ना, ते आधी बघा. मल्टिजेट मीटर आडवा आणि सपाट बसवावा लागतो. तिरका बसला की कमी मोजतो. घरच्या टाकीला बॉल कॉक असेल तर शेवटी पाणी थेंबाथेंबाने येतं. नेहमीच्या १५ मिलिमीटरच्या ब वर्गातल्या मीटरची किमान मर्यादा ताशी ३० लिटर आहे, त्याखालचं पाणी तो नीट पकडत नाही.

समजा या मीटरांतून जोडणीमागे सरासरी ३८० लिटर आले. गुणिले ८,००० म्हणजे ३.०४ एमएलडी. उपसा ४.७१. हिशेबातून निसटलेलं पाणी १.६७ एमएलडी, म्हणजे सुमारे ३५ टक्के. अहवालातल्या १० टक्क्यांच्या जागी हा आकडा येतो.

मात्र ३५ वरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घराघरांतल्या वापरात फरक मोठा असतो. प्रमाण विचलन, म्हणजे घरांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, सरासरीच्या ६० टक्के निघालं, तर १०० घरांच्या नमुन्यात सरासरी १२ टक्के इकडे-तिकडे असू शकते. म्हणजे ३८० च्या जागी खरा आकडा ३३५ ते ४२५ मध्ये कुठेही असेल आणि निसटलेलं पाणी २८ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान. तुमच्या सभेत हेच वाक्य इतिवृत्तात लिहून घ्या : २८ ते ४३. दशांश चिन्हापुढचे अंक छापण्यापेक्षा ही कक्षा छापणं प्रामाणिकपणाचं आहे. ती निम्मी करायची तर ४०० मीटर लागतील. पुस्तिकेतही प्रत्येक आकड्यापुढे त्याची विश्वासार्हता अ ते ड श्रेणीत लिहायची सोय आहे. उपसा आणि वापर दोन्ही अंदाजाने धरलेल्या १० टक्क्यांची जागा सगळ्यात खालच्या ड मध्ये आहे. अहवालात तो रकाना कोरा असेल तर त्याविषयी जरूर विचारा.

कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली ७० टक्क्यांहून जास्त पाणी बिनहिशेबी जात होतं, पुढे ते एक अंकी टक्क्यांवर आलं. गळत्या शोधणं तिथेही झालं. पण प्रत्येक जोडणीला मीटर, ग्राहकांची घरोघर जाऊन केलेली यादी आणि अधिकाऱ्यांपासून सैन्यापर्यंत सर्वांकडून वसुली, या तिन्ही गोष्टी सोबत होत्या. आपल्याकडे गळती शोधण्याची यंत्रं आधी विकत घेतली जातात आणि जोडण्यांची यादी वीस वर्षांपूर्वीची राहते. हा क्रम उलटा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे दिवसाआड दोन तास पाणी येतं. शेजारच्या शहरात २४ तास पाणी आहे आणि त्यांची गळती टक्क्यांत आमच्याइतकीच आहे. मग दोघांची वाहिन्यांची जाळी सारखीच चांगली म्हणायची का? (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही. छेदात एकूण पाणी असल्यामुळे टक्केवारी इथे फसवते. तुमच्या वाहिन्या ४८ तासांत फक्त दोन तास दाबाखाली असतात आणि जेवढा वेळ दाब, तेवढाच वेळ गळती. प्रत्यक्ष गळतीचा भाग वेगळा काढून तो जोडणीमागे, आणि वाहिनी दाबाखाली असलेल्या तासामागे मांडा. समजा पाळीच्या दोन तासांत जोडणीमागे १२० लिटर गळतं, म्हणजे तासाला ६० लिटर. याच वाहिन्यांत २४ तास पाणी सोडलं तर दिवसाला १,४४० लिटर गळतील. जोडणीला जेवढं पाणी द्यायचं (वरच्या हिशेबातले ६७५ लिटर), त्याच्या दुपटीहून अधिक! म्हणूनच जुनी जाळी न दुरुस्त करता ‘उद्यापासून २४ तास पाणी’ अशी घोषणा झाली की आठवड्यात टाक्या रिकाम्या पडतात. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २४ तास पाणी दिलं ते जोडण्यांना मीटर बसवून.

आणखी एक. तास मोजायचे ते नळाशी, टाकीच्या व्हॉल्व्हशी नाही. व्हॉल्व्हमनच्या वहीत सहा ते आठ लिहिलेलं असतं, आणि टोकाच्या घरी धार सुरू होते पावणेसातला. प्रत्येक पाणीझोनमध्ये सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी काही घरं ठरवा आणि तिथे पंधरा दिवस वेळा लिहून घ्या. घरातल्या बायकांना त्या वेळा तोंडपाठ असतात. क्लोरीनची चाचणीही त्याच टोकाच्या घरी करा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळायला हवं. टाकीखालच्या नळावर ते मिळणारच.

प्रश्न : आमचं पंपिंगचं वीजबिल तालुक्यातल्या दुसऱ्या नगरपरिषदेच्या दुप्पट आहे. मुख्याधिकारी विचारतात, तुमचे पंप एवढे वाईट का? उत्तर काय द्यावं? (पाणीपुरवठा विभागातील अभियंता, नाशिक जिल्हा)

उत्तर : आधी विचारा, त्यांचं पाणी किती उंच चढतं? बिल भागिले पाणी एवढ्यावर तुलना होत नाही, छेदात उंचीही हवी. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला निसर्गनियमाप्रमाणे ०.२७२५ युनिट लागतात. यंत्रणा कितीही उत्तम असली तरी त्याहून कमी लागत नाहीत.

तुमचा पंप तासाला ४७१ घनमीटर देतो आणि एकूण हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची आणि वाहिनीतलं घर्षण मिळून, ६० मीटर आहे असं धरू. घनमीटरमागे किमान लागणार ०.१६३५ युनिट. ऊर्जामीटरवर तासाला १३८ युनिट पडले तर प्रत्यक्ष लागले ०.२९३. भागाकार केला की पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५६ टक्के. ती ७० वर आणली तर तासाला २८ युनिट वाचतील. दहा तास, ३६५ दिवस धरले तर वर्षाला सुमारे १ लाख युनिट. हा आकडा मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवा, पंपदुरुस्तीच्या खर्चाला मंजुरी मिळवायला तो पुरेसा आहे.

चुका कुठे होतात तेही पाहा. उच्चदाब मीटरच्या वाचनाला गुणक असतो आणि तो लावायचा राहून जातो. त्याच मीटरवर फिल्टरचा ब्लोअर, दिवे आणि कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स असतात, तो भार वेगळा काढा. हेड कशावरून घेतलं हे तर फारच महत्त्वाचं. पंपाशेजारच्या दाबमापकावरून घेतलं (१ किलो म्हणजे साधारण १० मीटर, त्यात मापकापासून विहिरीतल्या पाण्यापर्यंतचं अंतर मिळवायचं), तर तुम्ही फक्त पंप-मोटर तपासता. नुसत्या उंचीच्या फरकावरून घेतलं तर पंपासोबत वाहिनीही तपासली जाते. दोन्ही काढा. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट आला, तर दोष पंपात नाही. वाहिनी अरुंद आहे, आतून गंज चढलेली आहे किंवा एखादा स्लूस व्हॉल्व्ह अर्धाच उघडा आहे. अशा ठिकाणी नवा पंप घेतला की पैसे वाया गेलेच. नदीची पातळी पावसाळ्यात आणि मे महिन्यात वेगळी असते, म्हणून चाचणी दोन्ही वेळा घ्या.

प्रश्न : आमची पाणीपट्टी वसुली ८७ टक्के आहे, तरी महावितरणचं बिल थकतं. असं का? (लेखा विभागातील कर्मचारी, जालना जिल्हा)

उत्तर : अंशात जुनी थकबाकी मिसळली आहे का ते पाहा. चालू मागणी १ कोटी २० लाख आणि वर्षात जमा १ कोटी ५ लाख, म्हणून ८७ टक्के. पण त्या जमेत ३५ लाख मागच्या वर्षांचे असतील, तर चालू वसुली ७० लाखांची, म्हणजे ५८ टक्के. मानक ९० टक्क्यांचं आहे आणि ते चालू मागणीच्या चालू वसुलीसाठी आहे. मागणी रजिस्टरला आणि पावतीला चालू व मागील असे दोन रकाने असतातच, फक्त बेरीज वेगळी ठेवायची.

खर्चवसुलीच्या गुणोत्तरात याच्या उलट घडतं. खर्चात फक्त भरलेलं वीजबिल धरतात, आलेलं बिल धरत नाहीत. म्हणजे बिल जितकं जास्त थकवाल, तितकी खर्चवसुली छान दिसते. जलसंपदा विभागाचं पाणीशुल्क आणि सामान्य प्रशासनाच्या खात्यातून पगार घेणारे पाणी विभागाचे कर्मचारी यांचंही तसंच. हजार जोडण्यांमागे कर्मचारी किती, हा आकडाही ठेकेदाराची माणसं गाळल्यामुळेच कमी दिसतो. त्यांच्या वर्षभराच्या हजेरीचे दिवस ३०० ने भागा आणि तेवढी माणसं मिळवा.

प्रश्न : तक्रारनिवारण ९८ टक्के दाखवणारं शहर चांगलं की ७० टक्के दाखवणारं? (वाचक, ठाणे)

उत्तर : हजार जोडण्यांमागे किती तक्रारी नोंदल्या गेल्या हे समजल्याशिवाय सांगता येणार नाही. जिथे वहीत तक्रार लिहून घेण्याआधीच माणसाला परत पाठवतात, तिथे ९८ सहज येतात. फोनवर तक्रार घ्यायला सुरुवात केली की पहिल्या वर्षी टक्केवारी घसरते. त्या घसरणीसाठी कुणाला बोल लावू नका.

प्रश्न : आमच्या गावात भुयारी गटार नाही, घरोघरी सेप्टिक टँक आहेत. मग मैलापाण्याच्या सगळ्या मानकांत आमचं शून्यच का? (नगरपरिषद कर्मचारी, पुणे जिल्हा)

उत्तर : २००८ ची मानकं गटारवाहिनी डोळ्यांपुढे ठेवून केली होती, म्हणून तुमचं काम त्यात दिसत नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २००९ पासून गुजरात आणि महाराष्ट्रातल्या शहरांच्या कामगिरीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि सेप्टिक टँकच्या शहरांनाही लागू पडतील असे निर्देशक मांडले. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी तर तीन वर्षांतून एकदा, ठरल्या पाळीने प्रत्येक टाकी उपसण्याची योजनाच राबवली.

तुमचा हिशेब असा करा. टाक्या ६,००० असतील आणि पाळी तीन वर्षांची, तर वर्षाला २,००० टाक्या. कामाचे ३०० दिवस, म्हणून रोज सात. टाकीमागे साडेतीन घनमीटर धरले तर रोज सुमारे २५ घनमीटर मैला. पाच घनमीटरच्या गाडीला पाच खेपा लागतात. एक गाडी दिवसाला तीन खेपा करते असं धरलं तर दोन गाड्या हव्यात. मोजमापाचा अंश म्हणजे उपसलेल्या टाक्या आणि छेद म्हणजे त्या वर्षी पाळी असलेल्या टाक्या. पण एवढ्यावर थांबू नका. किती मैला उपसला हे चालकाच्या वहीवरून न घेता प्रक्रिया केंद्राच्या फाटकावरच्या नोंदीवरून घ्या. दोन्हींत फरक आला, तर गाडी वाटेत कुठल्या तरी नाल्यावर रिकामी झाली आहे.

काम अडतं ते साध्या गोष्टींनी. टाकीचं झाकण फरशीखाली गेलेलं असतं, बोळ अरुंद असल्याने पाइप पुरत नाही, दहा-पंधरा वर्षं न उपसल्याने तळाचा गाळ घट्ट बसतो आणि पंप तो ओढत नाही. अशा टाकीत पाणी सोडून, दाबाच्या फवाऱ्याने गाळ सैल करून मग ओढायचा. माणूस आत उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, आणि विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो. न उपसलेल्या टाक्या ‘अडलेल्या’ म्हणून वेगळ्या लिहा. छेदातून त्या गाळू मात्र नका.

पुढेमागे भुयारी गटार योजना आलीच, तर सांडपाणी पाण्याच्या ८० टक्के धरतात. ते ८० टक्के घरात पोचलेल्या पाण्याचे. वर पहिल्या प्रश्नातल्या गावाने कागदावरचे ५.४ एमएलडी धरून केंद्र बांधलं तर ४.३ एमएलडीचं होईल, आणि प्रत्यक्षात येतील जेमतेम २.४. अर्ध्या क्षमतेवर चालणाऱ्या केंद्राचं वीजबिल मात्र अर्धं होत नाही.

प्रश्न : आमच्या विभागातल्या १२ नगरपरिषदांची कार्यक्षमता एकाच आकड्यात मांडायची आहे. डीईए (डेटा एन्व्हेलपमेंट अ‍ॅनालिसिस) पद्धत वापरावी का? (पीएचडीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत उपयोगी आहे. सर्वांत कमी साधनांत सर्वांत जास्त सेवा देणाऱ्या शहरांची एक सीमारेषा ती आखते आणि बाकीची शहरं तिच्यापासून किती दूर आहेत ते सांगते. पण १२ शहरं, तीन साधनं (वीज, कर्मचारी, इतर खर्च) आणि तीन फलितं (विकलेलं पाणी, जोडण्या, तास) घेतलीत, तर निम्म्याहून जास्त शहरं शंभर टक्के कार्यक्षम निघण्याचा धोका आहे. साधनं आणि फलितं यांच्या बेरजेच्या किमान तिप्पट शहरं असावीत असा संकेत आहे. तुमच्याकडे १२ आहेत, म्हणजे चारच चलं परवडतात. चालवण्याचा एकूण खर्च हे एक साधन, आणि नळाशी मोजलेलं पाणी व जोडण्या ही दोन फलितं, एवढ्यावर सुरुवात करा.

सीमारेषा टोकाच्या आकड्यांवर उभी असते. एखाद्या शहराने वीजबिल थकवून खर्च कमी दाखवला असेल, तर तेच शहर आदर्श ठरेल आणि प्रामाणिक शहरं नापास होतील. म्हणून सीमेवर आलेलं एकेक शहर काढून गणित पुन्हा करा. एक शहर काढल्यावर बाकीच्यांचे गुण एकदम उसळले, तर त्या शहराची कागदपत्रं जाऊन तपासा. धरणातून उताराने पाणी येणारं शहर आणि नदीतून ८० मीटर उपसा करणारं शहर एका रांगेत बसवू नका. तुमच्या बारांत उताराची तीन-चारच असतील तर डीईए बाजूला ठेवून त्यांची नुसती तक्त्यात तुलना करा, आणि प्रत्येक आकड्यापुढे अ ते ड श्रेणी लिहा.